मेंदूच्या लहरी टिपणारा हान्स बर्गर



परीक्षेच्या दिवशी घंटा होते, प्रश्नपत्रिका हाती पडते आणि पहिला प्रश्न वाचताच कित्येकांच्या छातीत धडधड सुरू होते. तळहातास घाम सुटतो, तोंडास कोरड पडते, पाठ केलेले सारे क्षणभर नाहीसे होते. वास्तविक कोणी आपल्या अंगास बोटही लावलेले नसते. कागदावरील दोन ओळींचा अर्थ मनास कळला, एवढेच काय ते घडलेले असते. अंगावर काटा येणे, पोटात गोळा उठणे, काळजाचे पाणी होणे, हे आपल्या भाषेतील वाक्प्रचार पाहिले, तर मनाच्या भावना देहात उमटतात हे आपल्या आजीपणजीसही ठाऊक होते असे दिसते. परंतु त्या कशा उमटतात? मन दिसत नाही, मोजता येत नाही. देह तर मोजता येतो. मग ह्या दोहोंना जोडणारा दुवा कोठे आहे? ह्या एका प्रश्नापायी ज्याने आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास सोडून मनुष्याच्या कवटीखालील अंधारात पाऊल टाकिले, अशा एका जर्मन पंडिताचे चरित्र आज सांगावयाचे योजिले आहे. ते चरित्र सर्वांशी अनुकरणीय नाही. म्हणूनच ते सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

हान्स बर्गर ह्याचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्ग शहराजवळच्या नॉइसेस नावाच्या खेड्यात झाला. त्याचा पिता वैद्यकीचा व्यवसाय करी. त्याची माता प्रसिद्ध कवी व प्राच्यविद्यापंडित फ्रीड्रिख र‍्युकर्ट ह्याची कन्या होती. ह्या र‍्युकर्टचे नाव आपण हिंदी लोकांनी आदराने घ्यावे असे आहे. अरबी, फारसी, संस्कृत इत्यादि अनेक भाषा त्याने हस्तगत केल्या होत्या, आणि महाभारतातील नलदमयंतीची कथा त्याने १८२८ साली जर्मन पद्यात उतरविली. जी कथा आपल्याकडील मुले मांडीवर बसून ऐकतात, ती हान्सच्या आजोबाने जर्मन मुलांच्या हाती दिली. नातवाच्या जन्मापूर्वीच, १८६६ साली, हा कवी निवर्तला. तथापि त्याच्या कीर्तीची छाया त्या घरावर होतीच. वडिलांकडून वैद्यक व मातुलकुळाकडून काव्य, असा दुहेरी वारसा ह्या मुलास लाभला.

मुलाचे स्वतःचे मन मात्र तिसरीकडेच ओढ घेत होते. कोबुर्ग येथील विद्यालयात शिकत असता त्यास गणिताची व ग्रहताऱ्यांची गोडी लागली, आणि ज्योतिर्विद व्हावे असे त्याने ठरविले. १८९२ साली तो येना येथील विद्यापीठात गणित व ज्योतिःशास्त्र शिकण्यास गेला. नेपोलियनने १८०६ साली प्रशियाचा पराभव केला ते हेच येना. त्या काळी दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यंत्रे ह्यांच्या भिंगांसाठी ते गाव जगप्रसिद्ध झाले होते. ताऱ्यांकडे डोळे लावून बसणाऱ्या तरुणास ह्याहून योग्य स्थळ कोणते? परंतु एका सत्रातच त्याचे मन तेथे रमेनासे झाले. त्याने अभ्यास सोडला आणि वर्षभराच्या सैनिकी नोकरीसाठी व्युर्त्सबुर्ग येथे आपले नाव नोंदविले.

तेथे ती घटना घडली. एके दिवशी कवायत चालू असता बर्गरचा घोडा एकाएकी उधळून मागच्या पायांवर उभा राहिला आणि स्वार खाली पडला. मागून घोडे जुंपलेली तोफ येत होती. तिच्या चाकाखाली त्याचा चुराडा व्हावयाचा, परंतु हाकणाऱ्याने अगदी शेवटच्या क्षणी घोडे आवरले आणि बर्गर वाचला. त्या वेळी त्याचे वय १९ वर्षांचे होते. त्याच दिवशी सायंकाळी त्यास पित्याची तार आली. तारेत त्याच्या प्रकृतीची चौकशी होती. पित्याने पूर्वी त्यास कधीही तार केलेली नव्हती. मागाहून कळले ते असे : दूर घरी असलेल्या त्याच्या वडील बहिणीस आपला भाऊ संकटात आहे असे अकस्मात वाटू लागले, आणि तिने आग्रह करून पित्यास तार करावयास लाविले.

ह्या प्रसंगाचा अर्थ काय करावा? आजचा शास्त्रज्ञ म्हणेल की हा योगायोग होय. घरची माणसे दूरच्या माणसाची काळजी नेहमीच करितात. शंभर वेळा ती काळजी व्यर्थ ठरते व विसरली जाते. एकदा खरी ठरते व जन्मभर स्मरणात राहते. बर्गरने मात्र निराळा अर्थ केला. मृत्यूच्या भयाने आपल्या मेंदूत काही शक्ती उसळली व ती आपल्या बहिणीच्या मनापर्यंत जाऊन पोहोचली, असे त्याच्या मनाने घेतले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. आपल्या आयुष्याच्या संध्याकाळी, १९४० साली, प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातही त्याने ही हकीकत नमूद केली आहे.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. असा अनुभव आला असता दुसरा एखादा मनुष्य मांत्रिकांच्या व गूढवाद्यांच्या मागे लागला असता. बर्गर प्रयोगशाळेत गेला. मनात शक्ती असेल तर ती मोजता आली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. सैन्यातून परतल्यावर त्याने ज्योतिःशास्त्राचा नाद सोडून वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, आणि १८९७ साली ती पदवी मिळवून येना येथील मनोरुग्णालयात ऑटो बिन्स्वांगर ह्या नामांकित वैद्याच्या हाताखाली तो साहाय्यक म्हणून राहिला. ह्या एका संस्थेतच त्याचे पुढील चाळीस वर्षांचे आयुष्य गेले.

वैद्य झाला तरी त्याची विचारसरणी पदार्थविज्ञानाचीच राहिली. शक्ती नवी उत्पन्न होत नाही व नष्टही होत नाही, ती केवळ रूप पालटते, हा सिद्धांत तुम्ही शास्त्राच्या तासास शिकला आहात. कोळसा जळतो तेव्हा त्यातील शक्ती उष्णतेचे रूप घेते. बाष्पयंत्रात तीच गतीचे रूप घेते. बर्गरने हा हिशेब मेंदूस लाविला. रक्तातून मेंदूस प्राणवायू व अन्न मिळते. त्यांच्या रासायनिक शक्तीचा काही भाग उष्णता होत असेल, काही भाग वीज होत असेल, आणि जो उरेल तोच विचार व भावना ह्यांच्या रूपाने प्रकट होत असेल. तेव्हा जमा काय झाली व खर्च काय झाला हे बिनचूक मोजले, तर शिलकेवरून मनाच्या शक्तीचे मापही काढता येईल. वाण्याच्या खतावणीसारखा हा सरळ हिशेब होता.

ह्या मार्गावर तो अगदीच एकटा नव्हता. इटलीतील तुरिन येथे आंजेलो मोस्सो ह्या शरीरशास्त्रज्ञाने ह्यापूर्वीच असे प्रयोग केले होते. अपघाताने वा रोगाने ज्यांच्या कवटीचे हाड एखाद्या जागी नाहीसे झाले आहे, अशा लोकांच्या डोक्यावरील ती मऊ जागा तान्ह्या मुलाच्या टाळूप्रमाणे नाडीबरोबर वरखाली होते. तीवर योग्य उपकरण बसविले म्हणजे मेंदूतील रक्ताचा चढउतार कागदावर उमटतो. मोस्सोने भीती ह्या विषयावर १८८४ साली एक ग्रंथच लिहिला. बर्गरने ह्याच रीतीने मेंदूची नाडी व हाताची नाडी शेजारी शेजारी टिपली. सुखद व दुःखद भावना, दचकणे, लक्ष एकाग्र करणे ह्यांनी त्यांत कोणता पालट होतो ते पाहिले, आणि मानसिक अवस्थांच्या शारीरिक आविष्कारांवर १९०४ व १९०७ साली दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१० साली मेंदूच्या उष्णतामानावरचे त्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. परंतु रक्त झाले, उष्णता झाली, तरी हिशेब जमेना. चढउतार दिसत, पण त्यांवरून मनाच्या शक्तीविषयी निश्चित असे काहीच हाती येईना.

आता राहिली वीज. इंग्लंडात लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन ह्याने १८७५ सालीच सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर क्षीण विद्युत्प्रवाह आढळल्याचे जाहीर केले होते. बर्गरने १९०२ साली कुत्र्यांवर हा प्रयोग करून पाहिला. यश आले नाही. १९१० च्या सुमारास अधिक नाजूक यंत्र घेऊन पुन्हा केला. पुन्हा निराशा पदरी पडली. मग १९१४ चे महायुद्ध आले आणि सैन्यात मनोविकारांचा वैद्य म्हणून त्यास पश्चिम आघाडीवर जावे लागले. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, बिन्स्वांगर निवृत्त झाला व त्याच्या जागी बर्गर मनोरुग्णालयाचा मुख्य झाला.

त्या काळी त्यास पाहणाऱ्यांना त्याच्यात शोधकाचे एकही चिन्ह दिसत नसे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालणारा, अबोल, शिस्तीचा कडक, सहकाऱ्यांशी कामापुरतेच बोलणारा, असा तो प्रमुख होता. परंतु दिवसाचे काम संपले की तो एका लहानशा जागेत जाऊन आपल्या यंत्रांपाशी बसे. त्याची पत्नी उर्सुला पूर्वी त्याची प्रयोगशाळेतील साहाय्यक होती. १९११ साली त्यांचा विवाह झाला होता. तिच्यावाचून व एकदोघांवाचून ह्या कामाची वार्ता फारशी कोणास नव्हती. यंत्रविद्येत तो निष्णात नव्हता, हाताशी मोठे साहाय्य नव्हते, आणि मागची वीस वर्षे अपयशाची होती.

६ जुलै १९२४ ह्या दिवशी त्यास पहिले यश आले. सतरा वर्षांच्या एका रुग्ण मुलाच्या मेंदूवर निकोलाय गुलेके ह्या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली होती. मुलाच्या कवटीच्या ज्या भागी हाड उरले नव्हते, तेथे बर्गरने विजेची अग्रे लाविली व ती तारेच्या गॅल्व्हानोमीटरला जोडली. हृदयाच्या विजेचा आलेख काढण्यासाठी आइंटोव्हेन ह्या डच शास्त्रज्ञाने हे यंत्र सिद्ध केले होते आणि त्याबद्दल त्यास त्याच १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाच्या मानाने मेंदूची वीज फारच क्षीण असते. एका व्होल्टाचे वीस हजार भाग करावे व त्यांपैकी एखादाच भाग घ्यावा, एवढी ती अल्प. तथापि त्या दिवशी यंत्रातील बारीक तार थरथरली.

ह्यानंतर बर्गरने जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावे. त्याने ही बातमी कोठेही छापली नाही. तार थरथरली खरी, पण ती मेंदूच्या विजेने, की डोक्याच्या कातड्याखालील स्नायूंनी, की नाडीच्या ठोक्याने, की डोळ्यांच्या हालचालीने, की यंत्राच्याच दोषाने? एकेक शंका घेऊन तो प्रयोग करीत राहिला. रुग्णांवर प्रयोग केले, निरोगी माणसांवर केले, स्वतःवर केले, आपला मुलगा क्लाउस ह्याच्यावर अनेक वार केले. मुलाच्या डोक्यास अग्रे बांधून बाप अंधारात प्रकाशाची हलती रेघ छायाचित्राच्या कागदावर टिपीत बसे. कधी खात्री वाटे, कधी सारे फोल वाटे. अशी पाच वर्षे गेली. ह्या अवधीत, १९२७-२८ साली, तो येना विद्यापीठाचा रेक्टरही झाला. पण आपल्या शोधाविषयी त्याने वाच्यता केली नाही. अखेर १९२९ साली त्याने आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला व त्या आलेखास हृदयाच्या आलेखाच्या धर्तीवर नाव दिले. तेच आज इलेक्ट्रो-एन्सेफॅलोग्राम, संक्षेपाने ई. ई. जी., म्हणून ओळखले जाते. १९३८ पर्यंत एका मागून एक असे चौदा निबंध त्याने ह्या विषयावर लिहिले.

ह्या आलेखात त्यास काय दिसले? मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला असता दर सेकंदास सुमारे दहा अशा सावकाश व नियमित लहरी मेंदूतून उठतात. ह्यांस त्याने ग्रीक वर्णमालेतील पहिल्या अक्षरावरून अल्फा हे नाव दिले. डोळे उघडताच, अथवा तोंडी हिशेब करावयास सांगताच, अथवा मनुष्य दचकताच ह्या मोठ्या लहरी मावळतात आणि लहान, जलद अशा लहरी राहतात. त्या बीटा होत. शांत तळ्यावर संथ लाटा चालल्या असाव्या व वाऱ्याच्या झोताने त्या मोडून बारीक शहारे उठावे, तसा हा प्रकार दिसतो. आरंभी आपण परीक्षेच्या भयाची गोष्ट काढिली. त्या भयाचा एक ठसा तळहाताच्या घामात उमटतो, दुसरा छातीच्या ठोक्यात, आणि तिसरा कवटीखाली, ह्या लहरींत. तो तिसरा ठसा मनुष्याच्या दृष्टीस प्रथम बर्गरने पाडला.

परंतु जगास तो पटेना. एका मनोरुग्णालयाच्या अबोल प्रमुखाने, जुन्या यंत्रांनी, कातड्यावरून मेंदूची वीज मोजली, ही गोष्ट मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांस असंभाव्य वाटली. पाच वर्षे बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केले. १९३४ साली केंब्रिज येथील एड्गर एड्रियन ह्याने, ज्यास १९३२ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले होते, आपला सहकारी मॅथ्यूज ह्याच्यासह हे प्रयोग करून पाहिले. एड्रियनने स्वतःच्याच डोक्यास अग्रे लाविली, डोळे मिटले, आणि बर्गरने वर्णिलेल्या लहरी तंतोतंत उमटल्या. त्याने मोठ्या मनाने जाहीर केले की हा मान बर्गरचा आहे, आणि त्या लहरींस बर्गरचेच नाव सुचविले. १९३७ साली पॅरिस येथील मानसशास्त्राच्या परिषदेत हे दोघे एकाच सभेत अध्यक्षस्थानी बसले. स्वदेशात ज्यास कोणी फारसे विचारीत नव्हते, त्यास परक्यांनी डोक्यावर घेतले.

चरित्र येथे संपले असते तर लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास किती समाधान वाटले असते! परंतु सत्य अर्धे सांगणे हे असत्याच्या जवळचेच होय.

१९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले, आणि त्याच वर्षी तेथे एक कायदा झाला. ज्यांस आनुवंशिक म्हणून ठरविलेले रोग आहेत, त्यांच्या इच्छेविरुद्धही शस्त्रक्रिया करून त्यांस संतती होणार नाही असे करावे, असा तो कायदा. जन्मतः मंदबुद्धी, कित्येक मनोविकार, आनुवंशिक अपस्मार, आंधळेपणा, बहिरेपणा, अशांची यादी त्यात होती. १९४५ पर्यंत सुमारे चार लाख माणसांवर ह्या कायद्याखाली शस्त्रक्रिया झाल्या. अशा प्रकरणांचा निवाडा करण्यासाठी खास न्यायालये स्थापिली गेली व त्यांत वैद्यांस न्यायाधीशांबरोबर बसविण्यात आले. येना येथील अशा वरिष्ठ न्यायालयात बर्गर बसत असे. हिटलरच्या एस्. एस्. नामक संघटनेस वर्गणी देणाऱ्यांतही त्याचे नाव होते. पुष्कळ वर्षे त्याची चरित्रे लिहिणारे असे सांगत आले की बर्गर हा त्या राजवटीचा विरोधी होता आणि तिने त्यास छळून पदावरून दूर केले. अलीकडे विद्वानांनी जुनी दप्तरे तपासली, तेव्हा ही कथा टिकली नाही. १९३८ साली पासष्टाव्या वर्षी तो निवृत्त झाला, तो नेहमीच्या नियमानेच.

ह्या गोष्टीतील विपर्यास पाहा. अपस्मार, ज्यास आपण फेफरे म्हणतो, त्याचे निदान करण्यास ज्या यंत्राचा आज सर्वांत अधिक उपयोग होतो, त्या यंत्राचा जनक अशा आसनावर बसला की जेथे अपस्माराच्या रोग्यास मातापिता होण्याचा हक्क नाकारला जात होता. ज्याने रुग्णांच्या मेंदूतील एका व्होल्टाचा वीस हजारावा भाग ओळखिला, त्यास समोर उभ्या असलेल्या रुग्णाच्या डोळ्यांतील पाणी ओळखू आले नाही.

निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली. प्रकृती ढासळली, हृदयविकार जडला, आणि मनास खोल विषण्णतेने घेरले. १ जून १९४१ रोजी येना येथील त्याच रुग्णालयात, जेथे चाळीस वर्षे त्याने इतरांच्या मनोव्यथा पाहिल्या, त्याने आपल्या हाताने आपल्या जीवनाचा अंत केला. तो ६८ वर्षांचा होता. विषण्णता हा रोग आहे. जसा ताप तसाच तो. मनाच्या अशा काळोखात जो सापडेल त्याने तो लपवून ठेवू नये. घरच्यांस, गुरुजनांस, वैद्यास उघड सांगावा, आणि ज्यास सांगितले त्याने हसू नये वा तुच्छ लेखू नये. ज्या राज्यात मनाने दुर्बळ झालेला मनुष्य कमी प्रतीचा ठरविला जात होता, तेथे बर्गरने आपले दुःख कोणापाशी मोकळे केले असते?

ज्याच्या शोधार्थ तो निघाला होता, ती मनाची शक्ती त्यास सापडली नाही. बहिणीस झालेल्या त्या भासाचे कोडे त्याच्या लहरींनी उलगडले नाही. त्या क्षीण लहरी डोक्याच्या कातड्यावर कशाबशा मोजता येतात, त्या दूरच्या गावी पोहोचण्याचा संभव नाही. परंतु जे सापडले त्याने लक्षावधी लोकांचे कल्याण झाले. १९३५ साली अमेरिकेत हार्व्हर्ड येथील संशोधकांनी फेफऱ्याच्या झटक्यात मेंदूच्या लहरी विशिष्ट आकार घेतात असे दाखविले. निद्रा, बेशुद्धी, मेंदूचे रोग ह्या सर्वांत आज हा आलेख वैद्यांचा डोळा झाला आहे. आपल्या जिल्ह्याच्या गावीदेखील मोठ्या इस्पितळात मुलाच्या डोक्यास तारा लावून बसलेली आई दिसते. आपल्याकडे अजूनही कोठे कोठे फेफरे आलेल्यास कांदा वा जोडा हुंगवितात, बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात. त्या मुलाच्या मेंदूत विजेचे क्षणिक वादळ उठते, त्यावर औषध आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, हे कागदावर दाखवून देणारा मार्ग बर्गरने घालून दिला.

मार्काच्या शुभवर्तमानात अशाच एका झटके येणाऱ्या मुलाची कथा आहे. बाप त्यास घेऊन येतो, लोकांची गर्दी होते, वाद चालतो. प्रभू येशू त्या बापास विचारतो की ह्याला असे कधीपासून होते, आणि शेवटी मुलाचा हात धरून त्यास उठवितो. तो हात धरणे बर्गरच्या आलेखात नाही. आणि बर्गरचा आलेख नसता तर आजच्या वैद्याच्या हातास अर्धे बळ कमी पडले असते. पौलाने करिंथकरांस प्रीतीविषयी जे लिहिले ते आपण प्रार्थनेच्या वेळी कितीदा ऐकतो. विद्या व प्रीती ह्यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मजजवळ नाही.

तुमच्यापैकी काहीजण पुढे वैद्य होतील, काही शास्त्रज्ञ होतील. बर्गरपासून त्याची चिकाटी घ्या. वीस वर्षांच्या अपयशानंतर पुन्हा यंत्रापाशी बसणे घ्या. यश दिसताच ते न छापता पाच वर्षे स्वतःवरच शंका घेणे घ्या. आणि जेव्हा एखादे राज्य, एखादा कायदा वा एखादा जमाव तुम्हांस सांगेल की अमुक माणूस रोगी आहे म्हणून तो कमी माणूस आहे, तेव्हा ह्या थोर शोधकाची चूक आठवा आणि त्या आसनावर बसण्याचे नाकारा.